जुन्या दाराचे कार्ड हरवले तर

पतसंस्था, कार्यालये, वसतिगृहे यांच्या दारांवर पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसवलेले कार्ड-रीडर बहुधा 125 किलोहर्ट्झवर चालतात. कार्डात बॅटरी नसते. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि बारीक चिप असते. रीडरजवळ नेताच चिपला त्याच्याकडूनच वीज मिळते आणि ती आपला क्रमांक कळवते.

बदली कार्ड मागवताना नुसता आकार सांगून भागत नाही. सर्वाधिक प्रचलित मांडणी 26 बिटांची आहे: 8 बिट संस्थेच्या कोडसाठी (0 ते 255), 16 बिट कार्डाच्या क्रमांकासाठी (0 ते 65535) आणि उरलेले 2 पडताळणीसाठी. कोड चुकला, तर हुबेहूब दिसणाऱ्या कार्डानेही दार उघडत नाही. मोबाइलवर हे कार्ड वाचता येत नाही, कारण मोबाइलमधले एनएफसी 13.56 मेगाहर्ट्झवर चालते. शिरपूर जैनसारख्या गावी तंत्रज्ञ वाशिम-अकोल्याहून बोलवायचा असेल, तर रीडरचे मॉडेल, संस्थेचा कोड आणि वापरात असलेले क्रमांक आधीच वहीत उतरवून ठेवावेत. एकच क्रमांक दोघांना देऊ नये. मग कोण केव्हा आत आले, याच्या नोंदीला काही अर्थच उरत नाही.

हरवलेले कार्ड आधी यंत्रणेतून बाद करावे, नवे नंतर द्यावे. या जुन्या कार्डांतला क्रमांक सांकेतिक रूपात नसतो, त्यामुळे स्वस्त यंत्रानेही त्याची नक्कल होते. तिजोरीच्या किंवा दप्तराच्या खोलीला तरी अशा कार्डावर सोडू नये. 125 किलोहर्ट्झ आणि 13.56 मेगाहर्ट्झ या दोन्ही वारंवारता वाचणारे रीडर मिळतात. ते बसवले की कार्डे टप्प्याटप्प्याने बदलता येतात.