सिंहहृदयी रिचर्डचा खर्च

इंग्लंडच्या गादीवर रिचर्ड पहिला दहा वर्षं होता. त्यातले जेमतेम सहा महिने त्याने इंग्लंडमध्ये काढले. तरीही लंडनला पार्लमेंटबाहेर घोड्यावर बसून तलवार उगारलेला पुतळा आहे तो त्याचाच!

जन्म ११५७चा, ऑक्सफर्डचा. पण जीव रमला तो आई एलेनॉरच्या अक्विटेनमध्ये. बापाविरुद्ध बंड केलं, एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या खेपेला फ्रान्सच्या फिलिपला हाताशी धरून म्हाताऱ्या हेन्रीला शरण आणलं आणि काही दिवसांत तो वारलाच. ३ सप्टेंबर ११८९ रोजी रिचर्डचा राज्याभिषेक झाला. त्याच दिवशी लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले. पुढच्या मार्चमध्ये यॉर्कच्या किल्ल्यात कोंडले गेलेले सुमारे दीडशे ज्यू मेले, तेव्हा राजा देशात नव्हताच.

त्याला घाई होती जेरुसलेमची. ते ११८७ मध्ये सलाहुद्दीनने घेतलं होतं. मोहिमेच्या पैशासाठी पदं, जमिनी, हक्क, जे विकता येईल ते विकायला काढलं. स्कॉटलंडच्या विल्यमने १०,००० मार्क मोजून आपलं मांडलिकपण सोडवून घेतलं. वाटेत सायप्रस जिंकून, तिथेच नावारच्या बेरेंगारियाशी लग्न उरकून रिचर्ड एकरला पोचला. जुलै ११९१ मध्ये शहर पडलं. ऑगस्टमध्ये त्याने सुमारे २,७०० कैदी तटाबाहेर नेऊन कापून काढले. शौर्याचे पोवाडे गाणारे इथे हमखास आवाज खाली आणतात.

सेनापती मात्र तो पहिल्या प्रतीचा. अर्सुफला सलाहुद्दीनला मागे रेटलं, पण माझ्या मते त्याची खरी अक्कल दिसली ती माघारीत. जेरुसलेमच्या उंबरठ्यावरून तो दोनदा परत फिरला. शहर घेता आलं असतं कदाचित. राखता आलं नसतं, हे त्याला कळत होतं. सप्टेंबर ११९२च्या तहाने किनारपट्टी ख्रिस्ती लोकांकडे राहिली, यात्रेकरूंना वाट मिळाली, जेरुसलेम सलाहुद्दीनकडेच राहिलं.

परतताना व्हिएन्नाजवळ तो पकडला गेला. पकडणारा ऑस्ट्रियाचा लिओपोल्ड. एकरच्या तटावरचा याचा झेंडा इंग्रजांनी खाली फेकला होता. लिओपोल्डने कैदी सम्राट सहाव्या हेन्रीच्या हवाली केला आणि खंडणी ठरली १,५०,००० मार्क. रयतेच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा, मठांची लोकर, चर्चमधली चांदीची भांडी, सगळं गेलं. एक लाख भरल्यावर फेब्रुवारी ११९४ मध्ये सुटका झाली. राजा मार्चमध्ये आला, एप्रिलमध्ये विंचेस्टरला पुन्हा मुकुट घातला, मेमध्ये गेला. तो कायमचाच. ११९९ मध्ये शालूच्या लहानशा किल्ल्यासमोर चिलखत न घालता फिरताना बाण लागला, जखम चिघळली आणि ६ एप्रिलला तो मेला. पाच वर्षांत फिलिपने नॉर्मंडीही घेतली.

मग राज्य चालवलं कोणी? मुख्यतः ह्यूबर्ट वॉल्टरने. कँटरबरीचा हा आर्चबिशप खंडणीही जमवत होता आणि कारभारही बघत होता. त्याला कोणी सिंह म्हटलं नाही. पण त्याच्याच कारकिर्दीत, ११९४ मध्ये, प्रत्येक कौंटीत कोरोनर नेमायची पद्धत बसली. इंग्लंडमध्ये ते पद अजून आहे. इंग्रजांबरोबर ते मुंबईलाही आलं आणि १९९९ मध्ये रद्द होईपर्यंत इथल्या संशयास्पद मृत्यूंची चौकशी करत राहिलं.