जुन्या स्पोर्ट्स कारला डिस्क ब्रेक? आधी हे समजून घ्या

आजचा भाग तुमच्या एकाच प्रश्नावर आहे. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न तोच: "आमच्या जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवले तर चालतील का?" व्हिडिओत मी ड्रम, शू, कॅलिपर हातात धरून दाखवले होते. इथे तेच शब्दांत सांगतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. चालतील. पण डिस्क ही कामांच्या यादीतली पहिली गोष्ट नाही, तिसरी आहे. पहिल्या दोन गोष्टी सोडून थेट तिसरीवर उडी मारलीत, तर पैसे खर्चूनही गाडी आधीपेक्षा धोकादायक होऊ शकते. का, ते आता बघू.

ब्रेक सुधारायचे कशासाठी?

मी गाझियाबादला राहतो. इथे यूपी गेटपासून राजनगर एक्स्टेन्शनपर्यंत सुमारे १० किलोमीटरचा हिंडन एलिव्हेटेड रोड आहे, २०१८ साली सुरू झालेला. शेजारून दिल्ली–मेरठ एक्सप्रेसवे जातो. साठच्या दशकातली गाडी बनली तेव्हा असे रस्ते नव्हते आणि त्यावरची रहदारीही नव्हती. आज तुमच्या पुढे जी गाडी धावते तिला एबीएस असतं. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. ती जागच्या जागी थांबते. तुमची थांबत नाही. धोका या फरकात आहे.

आता थोडं गणित. गाडी आणि दोन माणसं मिळून वजन ९०० किलो धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाला या वजनात सुमारे १२५ किलोज्यूल ऊर्जा असते. ताशी १०० ला ती ३४७ किलोज्यूल होते. वेग पावणेदोन पटही झाला नाही, पण ऊर्जा पावणेतीन पटींच्या पुढे गेली. ब्रेकचं काम एवढंच, की या ऊर्जेची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची.

थांबताना वजन पुढे ढकललं जातं, म्हणून सुमारे ७० टक्के काम पुढची चाकं करतात. म्हणजे शंभरवरून एकदा थांबलात, की पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये सुमारे १२१ किलोज्यूल उष्णता येते. ड्रम पाच किलोचा बिडाचा असेल, तर तो एका थांब्यात पन्नासेक अंशांनी तापतो. निवायला वेळ न देता पाच वेळा असं केलंत, तर अडीचशे अंशांची भर. त्यात गाझियाबादचा मे महिना.

ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. पॅडल खाली खाली जाऊ लागतं. लायनिंगची पकडही कमी होते. यालाच 'ब्रेक फेड' म्हणतात. डिस्क फुगते ती पॅडच्या दिशेने, शिवाय ती उघडी असल्यामुळे लवकर निवते आणि पाणी झटकून टाकते. १९५३ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाईप डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर धावली आणि ताशी १७० किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. प्रतिस्पर्धी ड्रम सांभाळत लवकर वेग कमी करायचे, जॅग्वारचे चालक वळणाच्या बरेच जवळ जाऊन ब्रेक लावायचे. रोल्ट आणि हॅमिल्टन या जोडीच्या त्या विजयानंतर स्पोर्ट्स गाड्यांचे दिवस बदलले.

आपलं उदाहरण: हेराल्ड आणि स्पिटफायर

एमजी, जॅग्वार आपल्याकडे मोजक्या. पण एक घराणं आपल्या ओळखीचं आहे. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने बनवलेली स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजेच इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिच्याच चॅसीची लांबी कमी करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. हेराल्डला चारही चाकांना ड्रम होते. स्पिटफायरला पहिल्या दिवसापासून पुढे गर्लिंगच्या डिस्क होत्या. पुढचं सस्पेन्शन दोघींचं एकाच कुळातलं. म्हणून हेराल्डला डिस्क बसवायच्या तर उत्तर कारखान्यानेच देऊन ठेवलं आहे. कुठल्याही गाडीसाठी हाच नियम लक्षात ठेवा: आधी त्याच घराण्यातल्या थोरल्या किंवा वेगवान भावंडाचे ब्रेक बघा. भंगारातून कुठल्या तरी छोट्या मोटारीचा कॅलिपर आणायचा, पट्टी वेल्ड करून अडकवायचा, हा उद्योग करू नका. तुमचा जीव त्या वेल्डिंगवर टांगलेला राहतो.

पहिली पायरी: आहेत ते ब्रेक पूर्ण बरे करा

माझ्याकडे "ब्रेक लागत नाहीत" म्हणून आलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत दोष ड्रमच्या रचनेत नव्हता, देखभालीत होता. हे तपासा:

१. ड्रम गोल आहेत का? लेथवर टर्निंग करून घ्या, पण किती बोअर वाढवता येतो याची मर्यादा पाळा. पातळ ड्रम लवकर तापतो.

२. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

३. रबरी होस बाहेरून चांगला दिसतो, पण आतून सुजून बंद होतो. मग एका चाकाचा ब्रेक उशिरा सुटतो आणि गाडी एका बाजूला ओढते. वय माहीत नसेल तर सगळे होस बदला.

४. लोखंडी ब्रेक पाईप गंजले असतील तर एसीच्या दुकानातला तांब्याचा पाईप लावू नका. थरथरीने तो कडक होऊन तडकतो. ब्रेकसाठीच बनवलेला पाईप घ्या आणि त्याचं तोंड दुहेरी फ्लेअर करून घ्या.

५. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी शोषल्यावर हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल थेट फळीला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

६. शेवटी टायर. गाडीला टायर थांबवतो. ब्रेक फक्त चाक थांबवतो. टायरच्या कडेवर चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. दहा वर्षांचा, नक्षी शाबूत असलेला टायरही कडक झालेला असतो. त्यावर जगातली सर्वात महागडी डिस्क बसवलीत, तरी चाक लॉक होऊन गाडी घसरेल.

एवढं करून गाडी चालवून बघा. निम्म्या लोकांना इथेच समाधान मिळतं.

दुसरी पायरी: एक सर्किट नको, दोन हवीत

या पायरीबद्दल मला कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. साठच्या दशकातल्या बहुतेक गाड्यांत एकच हायड्रॉलिक सर्किट असे. चारपैकी कुठल्याही एका चाकाचा सील फाटला, की सगळा दाब तिथून निघून जातो आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. हातात उरतो फक्त हँडब्रेक.

यावरचा इलाज म्हणजे टँडम मास्टर सिलिंडर. एकाच बोअरमध्ये एकापाठोपाठ दोन पिस्टन, एक पुढच्या चाकांसाठी, एक मागच्यांसाठी. एक बाजू फुटली तरी दुसरी काम करते. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना ही रचना सक्तीची केली, म्हणून तिकडे निर्यात होणाऱ्या ब्रिटिश गाड्यांसाठी असे सिलिंडर तयार झाले. आजही नवे मिळतात.

निवडताना बोअर बघा. वर्कशॉपच्या भाषेत पाच सूत आणि सहा सूत यात एका सुताचाच फरक, पण पिस्टनचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं. सहा सुती सिलिंडरला पॅडल कमी खाली जाईल, पण तेवढाच ब्रेक लागायला पाय ४४ टक्के जास्त जोराने दाबावा लागेल.

तिसरी पायरी: पुढे डिस्क

आता डिस्क. हेराल्डच्या बाबतीत स्पिटफायरचं पुढचं अप्राइट, हब, डिस्क आणि कॅलिपर असा पूर्ण संच एकत्र बसवायचा. तुकडे मिसळायचे नाहीत. तीन गोष्टी इथे हमखास निसटतात.

एक, ड्रममधला शू चाकाच्या फिरण्यामुळे स्वतःहून ड्रममध्ये ओढला जातो, त्यामुळे पायाला मदत मिळते. डिस्कला ही मदत नाही. म्हणून डिस्क बसवल्यावर "पॅडल दगड झालंय" अशी तक्रार येते. हलक्या गाडीत ते चालतं. जड गाडीत व्हॅक्यूम सर्वो लागतो.

दोन, ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा झडप असतो. पाय काढल्यावरही तो पाईपमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. हा झडप डिस्कच्या लाईनवर राहिला, तर पॅड डिस्कला घासतच राहतात. मायलेज जातं, डिस्क तापून निळी पडते.

तीन, कॅलिपरला ऑइल जास्त लागतं. जुना सिलिंडर पुरेल का, हे आधी हिशेबाने बघा.

चौथी पायरी: पुढचा-मागचा तोल

मागे डिस्क बसवू नका. मागच्या ड्रमवरच हँडब्रेक चालतो, आणि मागे एवढी ताकद लागतही नाही. उलट ती कमीच असावी. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी झाली तर गाडी गिरकी घेते. हेराल्ड-स्पिटफायरला मागे स्विंग अॅक्सल आहे. जोराने ब्रेक मारला की शेपूट उचललं जातं, मागची चाकं आत मुडपतात आणि पकड आणखी घटते. म्हणून पुढे डिस्क बसवल्यावर मागचे व्हील सिलिंडर डिस्कवाल्या मॉडेलच्याच मापाचे आहेत याची खात्री करा.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' नोंदणी होते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. मात्र ती गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं यासाठीच. गाझियाबाद एनसीआरमध्ये येतं, आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली होती. २०२५ मध्येही यावर आदेश झाले, म्हणून गाडी बाहेर काढण्यापूर्वी ताजा आदेश वाचा. माझा सल्ला: बदल फक्त नट-बोल्टने होणारे करा, चॅसीला वेल्डिंग नको, काढलेले मूळ भाग तेल लावून जपून ठेवा, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओला विचारा.

चाचणी

काम झाल्यावर थेट एक्सप्रेसवेवर जाऊ नका. गाडी उभी असताना पॅडल जोरात दाबून एक मिनिट धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे किंवा सील गेलंय. मग मोकळ्या खासगी मैदानात ताशी ३० वरून ब्रेक लावा. गाडी सरळ थांबते ना, हे बघा. त्यानंतर पन्नासच्या वेगावरून वीसेक हलके थांबे, मध्ये निवायला वेळ देऊन, म्हणजे पॅड बसतील. शेवटी इन्फ्रारेड थर्मामीटरने डावी-उजवी डिस्क मोजा. दोघींच्या तापमानात मोठा फरक असेल, तर गार राहिलेल्या बाजूचा कॅलिपर अडकलाय किंवा तापलेल्या बाजूचा सुटत नाहीये.

जुन्या गाडीचे ब्रेक सुधारायचे ते जास्त वेगाने पळता यावं म्हणून नाहीत. समोरची गाडी थांबली की आपलीही थांबावी, सरळ थांबावी आणि दर वेळी थांबावी, एवढ्यासाठी. आणि ब्रेक नवे झाले तरी पुढच्या गाडीपासूनचं अंतर जुनंच ठेवा, कारण मागून येणाऱ्या जुन्या गाडीला ताशी १०० ला एका सेकंदाच्या विचारातच २८ मीटर लागतात, ब्रेक कुठलाही असो.

पुढच्या भागात याच गाडीचं मागचं सस्पेन्शन उघडू. तोवर तुमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर एक सर्किटचा आहे की दोन, एवढं बॉनेट उघडून बघून ठेवा.