एका बाकावरचे दोघे

निवडणुकीत मत देण्याचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो. निवडणूक ऐकण्याचे वय मात्र फार आधी सुरू होते. गल्लीतला भोंगा, रिक्षातला वाद, रात्री जेवताना बाबांनी मारलेला शेरा, हे सारे दुसऱ्या दिवशी दप्तराबरोबर वर्गात पोहोचते.

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकसारख्या वस्तीत हे अधिकच जाणवते. येथे एकाच जिन्यावर मराठी, गुजराती, मारवाडी आणि हिंदी ऐकू येते. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या मीरा रोडला भाषेवरून आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी माणसांचा मोर्चा निघाला. पाठोपाठ १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचे मतदान झाले. मोर्चे संध्याकाळी पांगतात. मुलांना मात्र सकाळी पुन्हा एकत्र बसायचे असते.

अशा वेळी पुष्कळ शिक्षक ‘वर्गात राजकारण नको’ म्हणून विषय मिटवतात. हेतू चांगला असतो. पण मिटवलेला विषय मधल्या सुटीत निघतो आणि तेथे टोमण्यांचेच राज्य असते. उलट शिक्षकानेच आपला पक्ष मांडला, तर ते त्याहून वाईट. ज्याच्या हाती गुण, त्याच्याशी वाद घालण्याची छाती किती मुलांना होईल?

मग करावे काय? सोपा उपाय म्हणजे मूळ कागद वाचावा. १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने मराठी व इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनला ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आले. इयत्तेतील किमान २० मुलांनी मागितल्यास दुसरी भारतीय भाषा घेण्याची मुभा मिळाली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्या दोन शब्दांतले अंतर मुलांनाच शोधू द्यावे. व्याकरणाचा याहून जिवंत तास कोणता?

त्यानंतर चर्चा; पण एका अटीवर. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे असे सांगायचे, की त्याने ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ अशी कबुली द्यावी. मतभेद राहिला तरी चालेल.

मतभेद आपल्याला नवे नाहीत. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे सामाजिक सुधारणेवरून इतके बिनसले, की आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यांचे भांडण मुळीच सौम्य नव्हते. तरी १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

पालकांकडे एवढेच मागणे, की जेवताना ‘ती माणसे’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या माणसांचा मुलगा उद्या सकाळी आपल्या मुलाच्या बाकावर बसणार आहे, आणि गणिताची वही बहुधा त्याच्याकडूनच मागायची आहे.