ठाणे-कल्याण : वेळ नेमका जातो कुठे?

ठाणे ते कल्याण हे अंतर रुळांवरून साधारण 20 किलोमीटर. लोकलचा कमाल वेग तासाला 100 किलोमीटर. सरळ भागाकार केला तर 12 मिनिटं येतात. स्लो लोकल मात्र अर्ध्या तासाच्या आसपास घेते. गाडी अगदी वेळेवर असली तरी हा फरक उरतोच.

कारण समजायला जरा लांब जाऊ. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये 1967पासून विमान जातं. अंतर 2.7 किलोमीटर, म्हणजे मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीपेक्षाही कमी. वेळापत्रकात दोन मिनिटं; वारा अनुकूल होता तेव्हा एकदा 53 सेकंदांतही ते पोहोचलंय. ठाणे ते कळवा अंतर जवळपास एवढंच. इतक्या छोट्या पल्ल्यात विमानाला उंची गाठायची संधीच नसते. चढून होतंय तोच उतरायचं.

लोकलचं दुखणंही हेच. समजा, तिचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. थांब्यापासून 100चा वेग गाठायला तिला 55 सेकंद आणि पाऊण किलोमीटरहून थोडा जास्त रूळ लागतो. ब्रेक लावून थांबायला आणखी अर्धा किलोमीटर. डोंबिवली-ठाकुर्ली अंतरच दीड किलोमीटरच्या घरात! पूर्ण वेग आला न आला तोच मोटरमनचा हात ब्रेककडे जातो.

म्हणजे न थांबणाऱ्या गाडीच्या तुलनेत प्रत्येक थांब्यापायी वेग कमी करण्यात आणि पुन्हा वाढवण्यात जवळपास 48 सेकंद जास्त जातात, आणि फलाटावर धरा 30. एकूण सव्वा मिनिटाहून जास्त. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली या सहा थांब्यांची मिळून आठ मिनिटं झाली. फास्ट आणि स्लोमधला फरक बराचसा इथेच सापडतो. उरलेला वेळ वळणं, सांधे, सिग्नल यांत जातो. 1 मे 1854ला रेल्वे कल्याणला पोहोचली ती पारसिकच्या डोंगराला वळसा घालून, खाडीच्या कडेने. 1916मध्ये 1.3 किलोमीटरचा बोगदा झाला आणि जलद मार्ग सरळ झाला. पण स्लो लोकल आजही मुंब्र्याचं ते वळण घेते.

आता हेच गणित उलटं करून पाहा. कमाल वेग 100चा 110 केला, तर सगळे थांबे घेणाऱ्या गाडीचं ठाणे-कल्याणमध्ये जेमतेम अर्धं मिनिट वाचतं. तेच प्रत्येक थांब्यावर फलाटावरचे दहा सेकंद कमी झाले तर पूर्ण एक मिनिट वाचतं. वेगाच्या घोषणा होतात तेव्हा मला म्हणूनच आधी डोंबिवलीचा सकाळचा फलाट आठवतो. तिथे दारातली गर्दी आत सरकेपर्यंत गाडी हलू शकत नाही, आणि हलली तरी काहीजण पायरीवरच असतात. 9 जून 2025ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडले, त्यांतले काही दगावले. त्यामुळे ते दहा सेकंद माणसांना घाई करून वाचवता येणार नाहीत. ते वाचतील रुंद फलाट, जास्त पूल आणि लागोपाठ येणाऱ्या गाड्या यांतून. वेळापत्रक सुधारण्यासाठी पैसा ओतायचाच असेल, तर पहिला रुपया इथे पडावा.