शिराझ, सुरत आणि काळी मिरी

सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेच्या इंग्रज वखारीत तीन आचारी राबत: एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदुस्थानी. सणासुदीला हरणाचं, मोराचं मांस रांधलं जाई, इराणी जर्दाळू-पिस्ते येत आणि जोडीला युरोपातल्या व इराणच्या वाइन ओतल्या जात. जॉन ऑव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने १६९६मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात ही मेजवानी हौसेने नोंदवली आहे.

वाइन देशात शिरायची एक मोठी वाट सुरत होती. औरंगजेबाच्या काळात दिल्लीत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निए सांगतो की, शिराझ शहराकडची वाइन बंदर अब्बासहून जहाजाने सुरतेला उतरे आणि तिथून दिल्ली गाठायला तिला ४६ दिवस लागत. १६६८मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीनेही हिंदुस्थानातली पहिली वखार सुरतेतच थाटली.

गुजरातेत मात्र १९६०मध्ये राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. सुरतेच्या रसिकाला द्राक्षमळ्यातच प्याला हाती धरायचा, तर सापुतारा ओलांडून वणी-दिंडोरीकडे उतरावं लागतं. नाशिक जिल्ह्याच्या या मळ्यांत मूळच्या फ्रान्सच्या वाणांची लागवड आहे. इथल्या सुला वाइनरीची पहिली वाइन २०००मध्ये बाजारात आली. तिची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ याच तालुक्याचं नाव मिरवते.

हे शिराझ द्राक्ष इराणातून आलं, असं बरीच वर्षं सांगितलं जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनए तपासणीने तो समज खोडून काढला. त्याचे जनक दोन्ही वाण आग्नेय फ्रान्सचे निघाले. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात हेच द्राक्ष सिरा म्हणून ओळखलं जातं.

सिराची ओळख म्हणजे काळ्या मिरीचा वास. तो भास नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवून दिलं की, मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन हेच द्रव्य या वाइनमध्येही असतं.

चव घेताना प्याला एक तृतीयांशच भरावा. आधी पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा: कडा जांभळट असेल तर वाइन तरुण, विटकरी झुकली असेल तर मुरलेली. मग प्याला गोल फिरवून वास घ्यायचा आणि छोटा घोट जिभेवर सगळीकडे खेळवायचा. हिरड्यांवर कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा जाणवतो, तो टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मटणातली प्रथिनं आणि चरबी तोंडात असली की ते त्यांनाही धरतं आणि तोच घोट मऊ लागतो.

फ्रान्समध्ये सिरासोबत भाजलेलं कोकराचं मांस खातात, त्यामागचं कारण हेच. आपल्याकडे मिरी घातलेलं सुकं मटण किंवा कोळशावरचे कबाब तिला शोभतात. झणझणीत खानदेशी शेवभाजीशी मात्र तिचं जमत नाही. अल्कोहोल आणि टॅनिन मिरचीची आग वाढवतात, मग फळाचा स्वाद हरवतो. खानदेशी जेवणातून निवडायचंच, तर बेताच्या तिखटाचं, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत घ्यावं. त्याचा धुरकट वास सिराशी जुळतो. हिरव्या लसणीच्या सुरती उंधियूला बोजोलेसारखी हलकी, कमी टॅनिनची वाइन बरी.

तापमानाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड प्रदेशातला. तिशीपार गेलेल्या खोलीत अल्कोहोलच नाकात जातो. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी, बोजोले त्याहून थोडी गार. घारी, श्रीखंड असे गोड पदार्थ वाइन संपल्यावरच वाढावेत, कारण गोडाच्या घासानंतर कोरडी लाल वाइन आंबट आणि कडू लागते.