आधी गाळ, मग जिवाणू

कोई माशांचं तळं हौसेने बांधणारे बहुतेक जण फिल्टरकडे पाणी नितळ करणारं यंत्र म्हणून पाहतात. तळ दिसला की फिल्टर चालला, पाणी हिरवट झालं की तो बिघडला. ही समजूत माशांच्या जिवावर बेतते. माशांना मारतो तो अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो, त्याला रंग नसतो, आणि अगदी स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही तो भरपूर असू शकतो. यूव्ही दिवा लावला की हिरवं शेवाळ मरतं, अमोनियाला मात्र धक्काही लागत नाही. म्हणूनच अनेक कप्प्यांचा फिल्टर उभारताना कोणता कप्पा आधी आणि कोणता नंतर, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. माझं मत स्पष्ट आहे. जिवाणूंच्या कप्प्यात कितीही भारी माल भरा, त्याच्या आधी घाण बाहेर पडत नसेल तर तो खर्च पाण्यात गेला.

कोई हा कार्प कुळातला मासा. त्याला जठर नसतं. तो दिवसभर थोडं थोडं खातो आणि तितकीच घाण करतो. खाद्यातल्या प्रथिनांमधला बराचसा नायट्रोजन तो अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. चांगल्या प्रतीचं १०० ग्रॅम खाद्य घातलं, तर साधारण ३ ग्रॅम अमोनिया तयार होतो असं धरून चालावं. १०,००० लिटरच्या तळ्यात याचा अर्थ रोज लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम, आणि तो काढणारं कोणी नसेल तर आठवड्याभरात २ मिलिग्रॅमच्या वर. तो किती घातक ठरेल हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ९ असेल तर एक तृतीयांशाहून जास्त.

हा अमोनिया संपवण्याचं काम जिवाणू करतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना घातकच, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ही साखळी उलगडून दाखवली. या जिवाणूंची वाढ फार संथ असते आणि त्यांना प्राणवायू भरपूर लागतो: ३ ग्रॅम अमोनियाला १३ ग्रॅमहून अधिक. त्याशिवाय पाण्यातली क्षारताही ते खर्च करतात. आता त्याच कप्प्यात माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य येऊन साचलं, तर ते कुजवणारे दुसरे जिवाणू भराभर वाढतात, प्राणवायू आधी तेच पळवतात आणि सगळी जागा बळकावून बसतात. वर कुजणाऱ्या गाळातून नवा अमोनिया सुटतो तो वेगळाच. कप्पे वेगळे करण्याचं कारण हे आहे.

१०,००० लिटरचंच तळं पुढे नेऊ. सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरवायचं, तर मिनिटाला साधारण ८३ लिटर पाणी फिल्टरमधून जाणार. तळ्याच्या सर्वांत खोल जागी बॉटम ड्रेन, तिथून जमिनीखालून चार इंची पाइप पहिल्या कप्प्यात. सगळे कप्पे तळ्याच्याच पातळीला जमिनीत, आणि पंप शेवटच्या कप्प्यात. त्याने पाणी उचललं की मागचं पाणी आपोआप पुढे सरकतं. पंप तळ्यात टाकून फिल्टर वर मांडणं सोपं आणि स्वस्त पडतं, हे खरं. पण माशांची विष्ठा मऊ असते. पंपाच्या पंख्यातून गेली की तिचं पीठ होतं, आणि ते पीठ सहजासहजी खाली बसत नाही. पहिला कप्पा मोकळाच असतो, म्हणून तो पुष्कळांना वाया गेलेली जागा वाटतो. तो ५०० लिटरचा असेल तर पाणी त्यात सहा मिनिटं रेंगाळतं, आणि जड कण शंकूसारख्या तळाशी बसतात. दुसऱ्या कप्प्यात उभ्या ब्रशांच्या दाट रांगा. काही दिवसांतच त्यांच्या केसांवर तपकिरी, बुळबुळीत थर चढतो. त्यानंतर जिवाणूंचा कप्पा: जपानी मॅट, किंवा हवेच्या बुडबुड्यांवर गरगरणारी प्लास्टिकची छोटी चाकं. ही चाकं मुळात नॉर्वेत सांडपाण्यासाठी तयार झाली. आपल्याकडच्या गृहसंकुलांमधल्या अनेक सांडपाणी प्रकल्पांत आज तीच पद्धत वापरतात, आणि तिथेही पाणी आधी जाळीतून येतं. कप्प्यांना जोडणारे पाइप मात्र रुंदच हवेत, नाहीतर शेवटच्या कप्प्यातली पातळी उतरते आणि पंप हवा ओढू लागतो.

यावर एक जोरदार आक्षेप घेता येतो. कोईचं माहेर जपानमधलं निइगाता. तिथल्या डोंगराळ गावांतल्या शेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात हे रंग निवडून जोपासले, आणि १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर ते सगळ्या जपानला माहीत झाले. तिथे आजही उन्हाळ्यात मासे मातीच्या तळ्यांत वाढतात, फिल्टरशिवाय, आणि उत्तम वाढतात. मग आपल्यालाच एवढा खटाटोप कशाला? कारण त्या तळ्यांत मासे विरळ असतात, पाणी अफाट असतं आणि तळाची माती जिवाणूंनी भरलेली असते. शरद ऋतूत बर्फ पडण्याआधी हेच मासे छपराखालच्या सिमेंटच्या टाक्यांत आणले जातात, आणि तिथे फिल्टर असतात. आपलं अंगणातलं तळं त्या टाकीच्या जातीचं आहे.

दुसरा आक्षेप, पाणीच बदलत राहावं. आपल्या हिशेबातला अमोनिया केवळ पाणी बदलून ०.३ मिलिग्रॅमवर रोखायचा, तर रोज जवळजवळ अख्खं तळं बदलावं लागेल. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर हे बोलूही नये. नायट्रेट कमी करायला आणि क्षारता भरून काढायला आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं वेगळं, ते हवंच. तिसरी अडचण विजेची, आणि ती खरी आहे. पंप काही तास बंद राहिला की गाळाने भरलेल्या कप्प्यातला प्राणवायू आधी संपतो, स्वच्छ कप्प्यातला उशिरा. त्यामुळे इथेही पहिला कप्पाच उपयोगी पडतो. बॅटरीवरचा छोटा एअर पंप असावा, आणि वीज आल्यावर फिल्टरमध्ये कोंडलेलं पाणी तळ्यात न सोडता आधी बाहेर काढावं.

नव्या फिल्टरला पिकायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे, खाद्य बेताचं, आणि अमोनिया-नायट्राइटची तपासणी एक दिवसाआड. जिवाणूंचा कप्पा नळाच्या पाण्याने कधीच धुऊ नये, त्यातल्या क्लोरीनने महिन्याभराची कमाई मरते. तळ्यातल्याच पाण्यात हलकेच खळबळावा. पहिल्या कप्प्याचा व्हॉल्व्ह मात्र दर दोन-तीन दिवसांनी उघडावा. आधी काळपट, उग्र वासाचं पाणी येतं. ते फिकट होईपर्यंत जाऊ द्यावं, बागेतल्या झाडांना घालावं, आणि तेवढंच क्लोरीन काढलेलं पाणी तळ्यात भरावं.