बोटाचे माप

फोनच्या पडद्यावरील बटण केवढे असावे, हा प्रश्न आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु हजेरीच्या ॲपवर आमच्या एका हमालाच्या घट्टे पडलेल्या अंगठ्याने ‘मान्य’ऐवजी शेजारचे ‘रद्द’ दाबले गेले व दिवसाची मजुरी बुडाली, तेव्हा त्याचे मोल मला कळले.

पडदे आखणाऱ्यांजवळ साधने पुष्कळ आहेत. २०१६ साली सर्वांस खुल्या झालेल्या ‘फिग्मा’त एकच पडदा अनेकजण एकाच वेळी रेखाटू शकतात. मापेही ठरलेली आहेत. गूगलच्या सूचनेप्रमाणे दाबण्याची जागा ४८ एकके, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, लांबरुंद असावी. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा देवनागरी टंक तर विनामूल्य मिळतो.

मग उणे कशाचे? तो पडदा कोणा हमालाच्या हाती आधी देऊन पाहिला नव्हता. त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते. खऱ्या मापाचा पडदा कागदावर काढा, कामगारापुढे ठेवा, “हजेरी लावा” म्हणा आणि आपण गप्प बसा. बोट जेथे अडखळेल, तेथे दोष बोटाचा नव्हे, आखणीचा समजावा.